सहाशे ब्याण्णव नंबरची जाळी

१

पुलाच्या चौथ्या खांबाला तडा गेला तेव्हा पूल सुरू व्हायला नऊ दिवस उरले होते. तडा केसाएवढाच होता, पण खांबातून कापून काढलेला तुकडा दाबयंत्राखाली चोवीसच्या दाबालाच फुटला. चाळीसपर्यंत तरी टिकायला हवा होता. पाच महिन्यांपूर्वी याच खांबाच्या काँक्रीटचे तीन ठोकळे प्रयोगशाळेने तपासले होते, आणि त्या अहवालात ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: सेहेचाळीस.

काँक्रीट दिवसागणिक घट्ट होत जातं, मऊ होत नाही. म्हणजे प्रयोगशाळेत फुटलेले ठोकळे त्या खांबाचे नव्हतेच. ते कुणीतरी बदलले, असं वर्तमानपत्राने एके दिवशी छापलं, आणि कुणी बदलले तेही दुसऱ्या दिवशी छापून टाकलं.

सरकारी तपासनीस बाईंनी ते कात्रण बसमध्ये तीनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि सकाळी साडेनऊला त्या प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढायला लागल्या. पायऱ्या अकराच होत्या, पण गुडघ्यांनी प्रत्येकीवर वेगळी तक्रार केली. या महिन्यातली ही सहावी प्रयोगशाळा. तीस वर्षं खोटी उत्तरं ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. पूर्वी खोटं ऐकलं की त्यांना राग यायचा. आता नुसता कंटाळा यायचा, आणि हल्ली त्यांना त्या कंटाळ्याचीच भीती वाटू लागली होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे सर म्हणत. शर्टाची इस्त्री मोडलेली नाही, टेबलावर एक कागद तिरका नाही, असे गृहस्थ. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि एक टंकलेला कागद पुढे सरकवला.

"तुमचा फार वेळ नाही घेणार मॅडम. पोलिसांकडे द्यायची तक्रार आहे. मी सही केलीय. तुमची झाली की संध्याकाळी येऊन तिला घेऊन जातील."

तिला म्हणजे हौदावरच्या बाईला. तपासणीचे ठोकळे अठ्ठावीस दिवस चुन्याच्या पाण्याच्या हौदात ठेवायचे आणि दिवस भरले की काढून दाबयंत्राकडे द्यायचे, हे तिचं काम. आधी तिचा नवरा हेच करायचा. त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. अकरा महिन्यांपूर्वी दादा गेला आणि त्याची जागा तिला मिळाली. आता गोची अशी, की वहिनीचा सख्खा भाऊ पुलाच्या कामावर काँक्रीट मिसळायचं यंत्र चालवत होता.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. खरं सांगायचं तर सही ठोकावी आणि दुपारच्या बसने घरी जाऊन पाय वर करून पडावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. शंभरातली नव्वद प्रकरणं अशीच तर असतात.

"भाऊ तिकडे, बहीण इकडे. एवढ्यावरून?" त्यांनी विचारलं.

"एवढ्यावरून नाही. इथे ठोकळ्यांची चुकून अदलाबदल होणं अशक्य आहे. झाली तर मुद्दामच होईल. मी तुम्हाला गणिताने सिद्ध करून दाखवतो."

बाईंनी टोपण परत लावलं. अशक्य हा शब्द कानावर पडला की त्यांची झोप अजूनही थोडी उडत असे.

२

सरांनी एका पाकिटातून पत्र्याचा बिल्ला काढला. आगपेटीएवढा, वरच्या कडेला मधोमध तार ओवायचं भोक, आणि खाली बारीक भोकांची रांगोळी.

"ठोकळे तीन-तीनच्या जाळीत हौदात सोडतो आणि जाळीला हा बिल्ला. रंगाने नंबर टाकला तर चुन्याच्या पाण्यात आठवड्यात जातो. पाणी दुधासारखं गढूळ, त्यामुळे नंबर दिसून उपयोग नाही, बोटाला लागला पाहिजे. म्हणून ही भोकं. तीस वर्षांपूर्वी मी शोधलेली पद्धत आहे."

"वाचायची कशी?"

सर खुर्चीत पुढे सरकले. इतका वेळ ते प्रमुख होते, आता मास्तर झाले. "आपण दहाच्या पायावर मोजतो. संगणक दोनच्या पायावर. दहाचा बिल्ला केला तर एकेका आकड्याला दहा जागा, बोट गोंधळतं. दोनचा केला तर हौदावरच्या माणसाला वाचता येत नाही. म्हणून मी दोन पाये एकत्र घेतले. दोन आणि पाच. माणसाला हात दोन, हाताला बोटं पाच, इतकं सोपं."

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक आकड्याला दोन ओळी. वरच्या ओळीत दोन जागा: डावी म्हणजे शून्य, उजवी म्हणजे पाच. खालच्या ओळीत पाच जागा: डावीकडून शून्य, एक, दोन, तीन, चार. वर एक भोक पाडायचं, खाली एक, आणि दोन्हींची बेरीज करायची.

"सात कसा?"

"वर पाच, खाली दोन."

"आणि शून्य?"

"वर शून्य, खाली शून्य. त्यालाही दोन भोकं. खुबी तिथेच आहे मॅडम. कुठलाही आकडा घ्या, बरोब्बर दोन भोकं. तीन आकडी नंबर, सहा भोकं. एखादं बुजलं तर पाच भरतील, कुणी आगाऊपणे जास्त पाडलं तर सात. बोट फिरवलं की चोरी पकडली." लेकीचा पहिला नंबर आल्याचं सांगावं तसा त्यांचा आवाज झाला होता. "रोज तीनेक जाळ्या येतात. नऊशे नव्याण्णव झाले की पुन्हा शून्यापासून. तीस वर्षांत एक चूक नाही."

बाईंनी पुराव्याच्या बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. वर पाच खाली एक, सहा. वर पाच खाली चार, नऊ. वर शून्य खाली दोन, दोन. ६९२, खांबाच्या ठोकळ्यांचा नंबर. भोकं सहा.

"चूक होऊ शकत नाही, म्हणजे लबाडीच झाली," सर म्हणाले. "आणि हौदात हात घालणारी एकच व्यक्ती आहे."

हे चोख होतं. बाईंना अशा चोख गोष्टींनीच जास्त दमवलं होतं.

"हा बिल्ला संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहू द्या," त्या म्हणाल्या.

"कशाला? वाचून झाला ना?" सरांनी विचारलं. बिल्ल्याचं एक टोक त्यांच्या चिमटीत होतं, आणि ते बाईंनी ओढून घेईपर्यंत सुटेना.

३

दाबयंत्र चालवणाऱ्याला पैलवान म्हणत, कारण फुंकर मारली तर उडेल अशी त्याची प्रकृती होती. तो मागच्या अंगणात एका काँक्रीटच्या धोंड्यावर बसून डबा खात होता. साडेअकराच वाजले होते, पण त्याचं म्हणणं असं, की भूक घड्याळ बघत नाही.

"भाऊसाहेब मला रोजची यादी देतात," तो म्हणाला. भाऊसाहेब म्हणजे नोंदी ठेवणारे कारकून. "वहिनी जाळ्या आणून ठेवते. यादीतला नंबर बिल्ल्यावर दिसला की मी ठोकळे दाबतो. नाही दिसला तर परत पाठवतो. ६९२ दिसला होता. मी सही केलीय."

"वहिनींनी ठोकळे बदलले असतील?"

"ती? अहो मॅडम, माझा डबा आला नाही तर स्वतःचा अर्धा देते ती. पण सर म्हणतात म्हणजे..." त्याने घास गिळला. "सर कधी चुकत नाहीत ना. पंचाईत तिथेच आहे."

बाईंनी बसायला जागा शोधली. पैलवान सरकला आणि त्याने धोंड्यावर थाप मारली. "बसा की. मजबूत आहे. नापास भिंत आहे ही."

"कसली भिंत?"

"पाण्याच्या टाकीची. खांबानंतर चारच दिवसांनी हिचे ठोकळे दाबले. तेवीस! सरांनी भिंत पाडायला लावली. ठेकेदार म्हणाला दोन दिवसांत जमीनदोस्त करतो. अकरा दिवस लागले. चार हातोडे मोडले त्याचे. जाता जाता सगळ्यांच्या तोंडाला फेस आणला हिने. मी म्हटलं, आठवण म्हणून एक तुकडा आणू बसायला."

तो मोकळेपणी हसला. बाई हसल्या नाहीत. तेवीस आणि चोवीस हे दोन आकडे त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसले होते.

भाऊसाहेबांची खोली कागदांनी गच्च भरली होती. त्यांनी नोंदवही आणि संगणक दोन्ही उघडले, कारण त्यांचा एकावर विश्वास नव्हता आणि दुसऱ्याची सवय नव्हती.

"टाकीच्या भिंतीचा नंबर? ७०३."

बाईंचा चेहरा पडला. ६९२ आणि ७०३. एकही आकडा सारखा नाही. घाईत वाचा, चष्म्याशिवाय वाचा, ही गल्लत होणारच नाही. सरांचं गणित पुन्हा जागच्या जागी बसलं.

"भिंतीतून तुकडा कापून फेरतपासणी करा, असा ठेकेदाराचा अर्ज होता," भाऊसाहेब सांगत होते. "आपण नेहमी करतो. नापास म्हटलं की माणूस भांडणारच. पण या खेपेला सरांनी शेरा मारला, गरज नाही. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण म्हटलं असेल काही."

"त्या दिवशी आणखी काही झालं?"

भाऊसाहेबांनी सामानाची वही चाळली आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"पत्रा कापायची कात्री, एक. सरांनी स्वतः मागवलेली." त्यांनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. "तीस वर्षांत सरांनी हत्यार हातात घेतलेलं मी पाहिलं नाही."

४

वहिनी हौदाच्या कठड्याशी उभी होती. चुन्याने तिचे हात कोपरापर्यंत पांढरे पडले होते आणि बोटांच्या सांध्यांवर चिरा होत्या.

"सही करायला आलात ना?" ती म्हणाली. "करा. पंधरा दिवस झाले, दुकानात माझ्या मागे कुणी रांगेत उभं राहत नाही. भावाने फोन बंद ठेवलाय. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

"ठोकळे बदललेत तुम्ही?"

"नाही."

तीस वर्षांत बाईंनी हा शब्द हजारदा ऐकला होता, आणि बहुतेक वेळा त्याच्यामागून शपथा येत. वहिनी एवढंच बोलून पाण्याकडे बघत राहिली.

"नंबर वाचताना कधी चुकलात?"

यावर मात्र तिने आवाज खाली आणला. "सरांना सांगू नका. सुरुवातीला कधी कधी भलताच नंबर हाताला लागायचा. जो हौदात सोडलेलाच नाही असा. मग मी जाळी फिरवायची, बिल्ला दुसऱ्या अंगाने चाचपायची, की बरोबर नंबर यायचा. मला वाटायचं, मीच अजून शिकले नाही. आमच्या ह्यांचं असं कधी झालं नव्हतं."

"आताही होतं?"

"नाही. सरांनी कोपरे कापले तेव्हापासून बंद झालं."

बाईंनी गुडघा विसरून एक पाऊल पुढे टाकलं. "कुठले कोपरे?"

"एक दिवस सर स्वतः आले. हौदाकडे ते कधी फिरकत नाहीत. दुपारभर उभं राहून एकेक जाळी वर घ्यायला लावली, बिल्ला नीट निरखला आणि उजवा कोपरा कातरला. म्हणाले, यापुढे तू पण भोकं पाडली की लगेच कापत जा. का, ते नाही सांगितलं." तिने फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढला. "नंतर आमच्या ह्यांचा डबा उघडला तर त्यांचे जुने बिल्लेही तसेच. ते पण कापायचे. मला कधी बोललेच नाहीत. गडी अबोल होता. आणि अचानक गेले, शिकवणार कधी?"

डब्यातल्या प्रत्येक बिल्ल्याचा उजवा कोपरा कातरलेला होता.

"मी आपली दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत करत बसायची," वहिनी म्हणाली. "भोकांच्या धारेने हात कापायचे म्हणून."

बाईंनी खिशातला पुराव्याचा बिल्ला काढला. चारही कोपरे शाबूत. त्यांनी तो तळहातावर ठेवला, पालथा केला, त्यावरून सावकाश अंगठा फिरवला आणि हौदाच्या कठड्यावर बसल्या.

"काय झालं मॅडम?" वहिनीने घाबरून विचारलं.

५

बाईंनी तिघांनाही अंगणात बोलावलं. पैलवान, भाऊसाहेब, वहिनी. सरांना त्यांनी निरोप पाठवला नाही.

"भाऊसाहेब, हा नंबर वाचा."

"६९२."

बाईंनी बिल्ला पालथा करून पुन्हा त्यांच्या हातात दिला. भाऊसाहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. "सातशे तीन," ते पुटपुटले.

"पालथा केला की डावी बाजू उजवीकडे जाते. वरच्या ओळीतला शून्य पाच होतो आणि पाच शून्य. खालच्या ओळीत शून्याचा चार, एकाचा तीन. दोन मधला, तो तिथेच राहतो. म्हणजे प्रत्येक आकडा नवातून वजा होतो, आणि नंबर शेवटाकडून वाचला जातो. दोनाचे सात, नवाचा शून्य, सहाचे तीन." बाईंनी श्वास घेतला. "भोकं मात्र सहाच राहतात. सरांची पद्धत कमी भोक पकडते, जास्त भोक पकडते, पण पालथा बिल्ला पकडत नाही. तोही अगदी खरा दिसतो. म्हणूनच दादा कोपरा कापायचे. सुलटी बाजू कुठली ते बोटाला कळावं म्हणून."

वहिनीने कपाळाला पांढरा हात लावला. "म्हणजे ते भलते नंबर..."

"पालथे होते. एरवी तो उलटा नंबर हौदात नसायचा, म्हणून तुम्हाला संशय यायचा आणि तुम्ही बिल्ला फिरवायचात. पण ६९२ आणि ७०३ चार दिवसांच्या अंतराने हौदात आले. दोन्ही एकाच वेळी पाण्यात. तुम्ही ६९२ शोधलात, भिंतीची जाळी पालथी लागली, नंबर जुळला. चार दिवसांनी ७०३ शोधलात, तेव्हा खांबाचीच जाळी उरली होती. ती फिरवल्यावर तोही नंबर जुळला."

"मग खांबाचे ठोकळे भिंतीच्या नावावर नापास झाले," भाऊसाहेब सावकाश म्हणाले, "आणि आपण चांगली भिंत पाडली."

"असं मला वाटतं. सिद्ध करायला हवं. पैलवान, उठा."

पैलवान उठला. त्याने आपल्या आसनाकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं.

धोंड्यातून ठोकळा कापायला दोन तास गेले. करवतीच्या पाण्याने सगळ्यांचे पाय भिजले. ठोकळा दाबयंत्राखाली बसला तेव्हा सव्वादोन वाजले होते. काटा चढू लागला. तेवीस आलं आणि गेलं. तिशी ओलांडली. चाळिशीला पैलवानाने बाईंकडे पाहिलं. अठ्ठेचाळीसला ठोकळा बंदुकीसारखा आवाज करून फुटला.

"म्हणजे कुणी चोरी केलीच नाही," पैलवान आनंदाने म्हणाला. "नुसती चूक झाली!"

"चूक झाली," बाई म्हणाल्या. "गुन्हा चुकीनंतर घडलाय."

६

त्या सरांच्या खोलीत शिरल्या तेव्हा तक्रारीचा कागद तिथेच होता, शेजारी पेन तयार.

"भिंत अठ्ठेचाळीसला फुटली," बाई म्हणाल्या. "आत्ता."

सरांनी तक्रारीचा कागद उगाच सरळ केला.

"तुम्हाला भिंत नापास झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ही पद्धत तुमची, कोपरा न कापलेला बिल्ला हातात आल्या आल्या तुम्हाला पुढचं दिसलं असणार. त्या दिवशी तुम्ही कात्री मागवलीत आणि आयुष्यात पहिल्यांदा हौदावर जाऊन कोपरे कापलेत. त्याच दिवशी फेरतपासणी नाकारलीत, कारण भिंतीतून तुकडा काढला असता तर ती पास झाली असती आणि खांबाचं बिंग फुटलं असतं. खांब तेव्हा पुरुषभर उंच होता. एका शब्दात थांबला असता. तुम्ही त्यावर पूल चढू दिलात."

"दादा आपणहून कोपरा कापायचा," सर म्हणाले. "म्हणून नियमांत लिहायचं राहूनच गेलं. तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, चूक होणार नाही. मला वाटलं, काँक्रीट घट्ट होत जातं. टिकेल खांब."

"आणि वहिनी?"

"जाळी तिनेच उचलली होती ना?"

बाईंना राग आला. किती वर्षांनी आला कोण जाणे, पण खरा, कानशिलं तापवणारा राग आला आणि त्यांना बरं वाटलं. त्यांनी तक्रारीवरचं वहिनीचं नाव खोडलं, त्या जागी सरांचं लिहिलं, आणि खाली सही केली.

दारात हालचाल झाली. वहिनी उभी होती, मागे भाऊसाहेब. तिने सगळं ऐकलं होतं. ती आता रडेल किंवा चार शब्द सुनावेल, असं बाईंना वाटलं. तिचा तो हक्कच होता. पण ती सरांकडे बघतसुद्धा नव्हती.

"मॅडम, आमचे हे गेल्यापासून सरांनी कोपरे कापेपर्यंत सहा महिने गेले," ती म्हणाली. "तेवढ्यात ही एकच जोडी होती का?"

खोलीत कुणालाच हा प्रश्न सुचला नव्हता. तपासनीस बाईंनाही नाही. त्यांनी सरांकडे वळून पाहिलं.

"यादी केली होती तुम्ही?"

"नाही." सरांची नजर तक्रारीवरच्या स्वतःच्या नावावर होती. "केली असती तर कळलं असतं."

भाऊसाहेब धावत जाऊन संगणकावर बसले. नवातून वजा, उलट क्रम, दोन्ही जाळ्या एकाच वेळी हौदात. संगणकाला त्यात काहीच अवघड नव्हतं. पाच महिने त्याला कुणी विचारलं नव्हतं एवढंच. चाळीस जोड्या निघाल्या. बाईंनी उभ्या उभ्याच चाळण लावली. दोन्ही संच पास असतील तर अदलाबदल होऊनही बिघडत नाही. एक पास आणि एक नापास अशा जोड्या काढायच्या. दोनच उरल्या. पहिली खांबाची.

"दुसरी ४९४ आणि ५०५," भाऊसाहेबांनी वाचलं. "५०५ नाल्याची झाकणं, नापास. फोडून टाकली, आता तपासायला काही उरलेलं नाही. ४९४ पास." ते थांबले. "शाळेच्या सभागृहाचं छप्पर."

"नक्की कुठले ठोकळे नापास झाले, सांगता येईल?"

"छपरातून तुकडा काढल्याशिवाय नाही. अदलाबदल झालीही असेल, नसेलही."

वहिनीने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तीनला दहा मिनिटं होती. "आज शाळा आहे," ती म्हणाली, आणि कुणाला न विचारता सरांच्या टेबलावरचा फोन उचलला. भाऊसाहेबांनी नोंदीतून नंबर सांगितला. तिचं बोट दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागला.

"मुख्याध्यापकांना द्या. हो, लगेच. सर, सभागृहात आत्ता मुलं आहेत का? किती? सगळ्यांना बाहेर मैदानात काढा. आधी काढा, मग मी सांगते. मी प्रयोगशाळेतून बोलतेय. नाही, साहेब नाहीत. हौदावरची बाई."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असेल ते सगळ्यांना समजलं. वहिनीचा चेहरा क्षणभर विटला. बाईंनी फोन घ्यायला हात पुढे केला. तिने तो हलकेच बाजूला सारला.

"हो, तीच," ती म्हणाली. "पेपरात आली होती तीच. ती जाळी माझ्या हातून गेलीय, म्हणून मीच सांगतेय. कदाचित छप्पर ठणठणीत असेल आणि उद्या तुम्ही मला हसाल. हसा. पण पोरांना बाहेर काढा."

मग ती बोलायची थांबली आणि रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी राहिली. पलीकडे कुणीतरी मोठ्याने हाका मारत होतं, आणि खूप सारी बाकं एकदम सरकल्याचा आवाज येत होता.